तेरा बाजारांची दोरी

मी गाव सोडलं त्या सकाळी माझ्या पोटात बाळ नव्हतं, आणि ही गोष्ट गावात फक्त दोघांना ठाऊक होती. मला आणि माझ्या नवऱ्याला. बाकीचं गाव मात्र आम्हाला नाही, माझ्या पोटातल्याला निरोप द्यायला फाट्यापर्यंत चालत आलं होतं.

हेमलकशाच्या पलीकडे, दोन नाले ओलांडले की आमचं गाव. तीस घरं. फाटा तिथून तीन तासांच्या पायवाटेवर. एरवी कोणी शिकायला निघालं तर आई-बाप आणि एखादं कुत्रं सोबत येतं. माझ्या मागे बारा बायका होत्या. एकीने चारोळी बांधून दिली, एकीने बाटलीत मध. कोणी बाळाला पाठीशी बांधायचं जुनं मऊ लुगडं दिलं. सासूने लाल-पिवळ्या मण्यांची एवढीशी माळ माझ्या मुठीत कोंबली, तान्ह्याच्या मनगटात बसेल इतकी. महिनाभर डोळे बारीक करून ओवली होती तिने. मी ती घेतली आणि मान खाली घातली. बायकांना वाटलं, लाजली. मी शरमेने मेले होते.

यष्टी आली तेव्हा माझी आई पुढे झाली. आम्ही आईला यायो म्हणतो. तिचं गाव पहिल्या नाल्याच्या अलीकडे, म्हणून ती थेट फाट्यावरच भेटली होती. माझी पेटी वर चढवता चढवता ती हळूच म्हणाली, "सारं गाव तुले मोजून राह्यलं, सोमी. मी नाई मोजत. तू सांगशीन तवा मानीन." मला तेव्हाच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण कंडक्टरने घंटी मारली.

आता हे मोजणं काय, ते सांगते. माझ्या मागून चंद्रपूर, नागपूर, हैदराबादेला गेलेल्या पोरींना ते माहीतच आहे, पण त्यांच्या शेजारणींना नसेल. आमच्याकडे पाळी आली की बाई घरात राहत नाही. गावाच्या कडेला कुर्मा असतो, एक झोपडी, तिथे पाच दिवस. पुरुष तिकडे फिरकत नाहीत. ज्या बायकांची पाळी वय झाल्यामुळे गेली, त्या तिथे भात पोचवतात. शहरात कुर्म्याचं नाव काढलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. पावसात छत गळायचं, एकदा माझ्या उशाशी साप निघाला होता. पण पाच दिवस कुणाची चूल नाही, कुणाचं पाणी नाही, आणि बायकांनी बायकांशी जे बोलायचं ते सगळं तिथेच. मी कुर्म्याची बाजू घेत नाही. तरी मी तिथे वाढले, तिथेच अर्धी शहाणी झाले.

गावच्या कुर्म्यात भाताची हांडी पोचवायची ती माझी सासू. आमच्यात सासूला आत्या म्हणतात, माझी तर ती खरीच आत्या. कोण आली, कोण या महिन्यात आली नाही, हे तिला हांडीवरून कळायचं. एखादी सलग दोन महिने आली नाही की आत्या तिच्या घरी जाऊन सांगायची, "जड कामाले लावू नका तिले." दहा वर्षांत तिचा हिशेब चुकला नाही असं ती म्हणायची, आणि गावही म्हणायचं. चुकणार कसा? तोवर गावात इंजेक्शन आलं नव्हतं.

लग्न होऊन वर्ष झालं होतं. आश्रमशाळेतून मी बारावी झालेली, चंद्रपूरला नर्सिंगला नंबर लागलेला. आमच्या गावातून तोवर कोणतीच पोर दहावीच्या पुढे गेली नव्हती. नवऱ्याला, मंगरूला, तिथल्याच ऊर्जानगरच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे काम मिळालं होतं. दोन वर्षं मूल नको, एवढंच आमचं ठरलं. मूल झालं असतं तर मला कोणी शिकायला जाऊ दिलं नसतं. उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंनी तीन महिन्यांचं इंजेक्शन दिलं, कार्डावर पुढची तारीख लिहिली आणि नीट समजावलं. सुरुवातीला मधेच डाग दिसतील, मग पाळी बंदही होईल, घाबरायचं नाही. मी घाबरले नाही. पण पाळी बंद झाली म्हणजे मी कुर्म्यात जाणार नाही, आणि मी कुर्म्यात गेले नाही म्हणजे आत्या मोजणार, हे डोक्यातच आलं नाही. मंगरूच्याही नाही. दोन महिन्यांनी आत्याने आनंदाने कोंबडं कापलं, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. खरं सांगितलं असतं तर नर्सिंग तिथेच संपलं असतं. आणि गंमत अशी, की पोटुशी सून शहरात दवाखान्याजवळ राहील म्हणूनच आत्याने मला जाऊ दिलं.

ऊर्जानगरला लागून असलेल्या वस्तीत आमची खोली. दारातून धुराड्यांची लाल दिव्यांची टोकं दिसायची. सकाळी कॉलनीतल्या साहेबांना कंपनीची बस न्यायची, मंगरू सायकल मारत जायचा, मी ऑटो धरून कॉलेजला. पहिले महिने मला मराठीचीच धास्ती. ट्यूटर मॅडम पुण्याकडच्या. त्या काय म्हणतात ते कळायचं, पण मी "मले नाई समजलं" म्हटलं की वर्ग हसायचा. मग मी हसणाऱ्यांच्या आधी हसायला शिकले. पहिल्या परीक्षेत वर्गात तिसरी आले, तेव्हा हसणं बंद झालं. तो निकाल मी अजून प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय.

मोहाच्या दिवसांत आम्ही गावी गेलो. तेव्हा गावात टॉवर नव्हता, निरोप पोचत नसत, आणि खरं सांगायचं तर मीही पोचवला नव्हता. आत्याच्या हिशेबाने मी आठव्या महिन्यात होते. तिने घर सारवलं होतं, कोपऱ्यात नवी चटई, दाईला सांगून ठेवलेलं. ती डोक्यावर मोहाची टोपली घेऊन जंगलातून आली आणि माझं पोट बघितलं. काही विचारलं नाही. टोपली खाली ठेवली, घरामागे गेली आणि रडायला लागली. मेलेल्या माणसासाठी आमच्याकडे सूर धरून रडतात, तसं.

तो सूर ऐकून मी मागे गेले आणि म्हटलं, "आत्या, बाळ गेलं नाई. बाळ नव्हतंच. मी सुई घेतली होती."

ती थांबली. पदराने नाक पुसलं. "मंग मी कोनासाठी रडली?"

मी पाया पडले. तिने पाय मागे घेतले. बाळाचं तिला जेवढं लागलं, तेवढंच हिशेबाचंही लागलं होतं. "दहा वर्सं मी मोजून राह्यली, गावानं मानलं. तू मले खोटी पाडली," म्हणाली आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मंगरूशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, माझ्याशी नाही. चौथ्या दिवशी मोह वेचताना पाठमोरीच म्हणाली, "सुईनं पाळी काऊन बंद होते, सांग." मी सांगितलं. इंजेक्शन असतं तोवर अंडं तयार होत नाही, आतलं अस्तर वाढत नाही, म्हणून अंगावर जायला काही नसतं. रक्त कुठे साचून राहत नाही. तिने प्रश्नावर प्रश्न विचारले. दिवस गेलेत की नाही हे लघवीच्या पट्टीवर बघता येतं, तेही मी सांगितलं. मॅडमनी घेतलेल्या तोंडी परीक्षेपेक्षा ती अवघड होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे हांडीवरून आता काईच नाई समजत." माझी छाती फुगली. मी अडाणी सासूला विज्ञान शिकवलं होतं ना!

गर्वाचं घर खाली, ते असं.

भादव्यात नवं धान खायचा सण असतो, तेव्हा मी एकटीच गावी गेले. चार दिवसांसाठी. पर्लकोटा नदीला पूर आला, नाले भरले, आणि मी तीन आठवडे अडकले. इंजेक्शनची तारीख त्याच दिवसांत होती. पण तारीख कार्डावर, कार्ड पेटीत, पेटी ऊर्जानगरला. परत आले तर परीक्षा डोक्यावर. आज जाऊ, उद्या जाऊ करत आणखी महिना गेला. आणि मी स्वतःला काय समजावलं असेल? पाळी अजून आलेली नाही, म्हणजे इंजेक्शन अजून अंगात आहे. पाळी आली की जाऊ.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी मी. हाच प्रश्न पेपरात आला असता तर पैकीच्या पैकी गुण मिळवले असते. इंजेक्शनची मुदत तारखेवर संपते, पाळी बघून नाही. कुणाला त्यानंतर दिवस जायला बरेच महिने लागतात, कुणाला लागत नाहीत, आणि आपण कुठल्या रांगेत आहोत हे आधी कळत नाही. वर्गात मला हे माहीत होतं. घरी मी कुर्म्याच्या हिशेबाने चालले होते, फक्त उलट्या बाजूने. आत्याने पाळी नाही म्हणून बाळ मोजलं, मी पाळी नाही म्हणून इंजेक्शन मोजलं.

दिवाळीनंतर आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली. पहिल्यांदाच शहरात. काळा चष्मा लावून खोलीच्या दारात बसायची आणि धुराडी बघून म्हणायची, "एवढं मोठं चुल्हं, आन् भात कुठी शिजते?" येताना तिने वास्ते आणले होते, बांबूचे वाळवलेले कोंब. माझ्या जिवाचं खाणं. तिने ते शिजायला टाकले आणि त्या वासाने मी तोंडाला पदर लावून मोरीकडे पळाले.

"किती दिवसांपासून?" तिने विचारलं.

मी म्हटलं, ते इंजेक्शनचं आहे. छाती दुखते, तेही इंजेक्शनचं. पोट फुगल्यासारखं वाटतं, थकवा येतो, हे सगळं पुस्तकात लिहिलेलं आहे. आणि ते खोटं नव्हतंच. इंजेक्शनने होतं तसं, गोळ्यांनीही पहिले दोन-तीन महिने मळमळतं, छाती जड होते. दिवस गेल्यावरही हेच होतं. दोन्हीकडची लक्षणं सख्ख्या बहिणींसारखी, तोंडावरून ओळखू येत नाहीत. मी आत्याला पुस्तक उघडून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी दाखवलं.

आत्याने पुस्तकाकडे बघितलंही नाही. "वरसापासून सुई घेऊन राह्यली ना तू? मंग वरसभर वास्ते खाल्ले तवा काऊन नाई मळमळलं?"

मी पुस्तक मिटलं. मग ती म्हणाली, "अन् मागची सुई कवा घेतली?"

मी बोटं मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदाही आकडा तीन महिन्यांच्या पुढेच गेला.

"आत्या, तुझा हिशेब एकदा चुकला होता," मी शेवटचा वार केला. फार हलका वार होता, आज लाज वाटते.

ती शांतपणे म्हणाली, "चुकला. आताई चुकला असन. पन तवा मी पाह्यलं नाई, नुसतं मोजलं. तुह्यापाशी पाहाची पट्टी हाये म्हनते ना? मंग पाहाले काय जाते?"

सबंध पुस्तकाचा अर्क या बाईने एका वाक्यात काढला होता. दुसऱ्या दिवशी पहाटेची पहिली लघवी, मेडिकलमधली पट्टी, पाच मिनिटं. दोन रेघा. आत्या काळ्या चष्म्यातून त्या पट्टीकडे बघत होती आणि मी भिंतीकडे. नर्सिंगची शेवटची सहामाही समोर होती. मला हुंदका फुटला, आणि खरं सांगते, तो आनंदाचा नव्हता. गावातली पहिली सिस्टर होणार होते मी. आता मंगरूची बायको म्हणून परत जाईन, झालं.

आत्या या वेळी रडली नाही. पाणी प्यायला दिलं आणि म्हणाली, "तुले पाह्यजे का हे, सांग. मी मोजत नाई आता. तू सांगशीन तवा मानीन." यायोचे शब्द तिच्या तोंडात कसे आले, मला कधी कळलं नाही. फाट्यावर तिने ऐकले असतील. मी त्या दिवशी काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोघांपैकी कोणी विचारलं नाही, ना ती, ना मंगरू. तो नुसता रोज संध्याकाळी माझी पुस्तकं पुसून ठेवायचा. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, बाळ पाहिजे. आणि नर्सिंगही पाहिजे.

"मंग दोनी घे," आत्या म्हणाली. "बाळाले मी हाये."

मी मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, सहा महिने मागे पडशील, पण बाहेर पडणार नाहीस. मी मागे पडले. पावसाळ्यात मुलगी झाली. आत्या डोळा दाखवायला आली होती ती दोन वर्षं ऊर्जानगरला राहिली. तिला नळाचं पाणी गोड लागायचं नाही, कोळशाच्या धुळीने ती खोकायची, शेजारणींची भाषा तिला येत नव्हती. तरी ती राहिली. मी परीक्षेला बसले तेव्हा कॉलेजच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली लेकीला घेऊन बसली होती. लेकीच्या मनगटात ती लाल-पिवळ्या मण्यांची माळ. मी ती पेटीच्या तळाशी लपवून ठेवली होती. तिने ती शोधून काढली, मला न विचारता.

आज मी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात कुटुंब नियोजनाच्या ओपीडीत सिस्टर आहे. लेक पहिलीत जाते. माझ्यासमोर बायका येतात, कॉलनीतल्या, वस्तीतल्या, कॉलेजातल्या. एकीने गोळ्या दोन दिवस विसरल्या आणि आता मळमळतंय. एकीने तांबी बसवलीय आणि पाळी चुकलीय. सगळ्या एकच विचारतात, सिस्टर, हे औषधाचं की दिवस गेले? मी कुणाच्या तोंडाकडे बघून सांगत नाही. आधी विचारते, शेवटची गोळी कधी, शेवटची सुई कधी. मग पट्टी. शंका राहिली तर आठवड्याने पुन्हा पट्टी. ओटीपोटात एका बाजूला कळ आणि रक्तही जात असेल तर पट्टीचीही वाट बघत नाही, थेट डॉक्टरकडे घेऊन जाते. हे सगळं मी शिकले कॉलेजात, पण खरं पटलं ते वास्त्यांच्या वासाने.

आत्या गावी परतली आणि तिने हिशेब सोडला नाही, बदलला. आमच्याकडे लग्नाचं बोलावणं पाठवताना दोरीला गाठी मारून देतात. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की लग्नाचा दिवस. आत्याने मला फोनवर विचारलं, "दोन सुयांमधी बाजार किती?" आठवडी बाजाराच्या हिशेबाने तेरा. ती आता सुई घेतलेल्या प्रत्येक पोरीला तेरा गाठींची दोरी देते. दर बाजाराला एक गाठ सोडायची. दोन गाठी उरल्या की उपकेंद्राची वाट धरायची, पूर येवो न येवो. सिस्टरबाई म्हणतात, तारीख चुकणाऱ्या पोरी आमच्या गावात आता उरल्याच नाहीत. कुर्मा आता विटांचा झाला, सोलरचा दिवा आला. आत खुंटीला दोऱ्या असतात आणि एका डब्यात मी पाठवलेल्या पट्ट्या. डब्याची किल्ली आत्याकडे, अर्थातच.

तुम्ही ज्या गावी आहात, त्यांना सांगते: मी गावी आले की कुर्म्यात झोपत नाही, पण बसायला येते, हे तुम्ही चालवून घेता, त्याचं मला मोल आहे. आणि तुम्ही ज्या माझ्यासारख्या बाहेर पडलात, त्यांनो, शहरात कोणी आपल्याला मोजत नाही, हे सुरुवातीला फार बरं वाटतं. मग एक दिवस लक्षात येतं की कोणी विचारतही नाही. चार दिवस तोंडाची चव गेली तरी शेजारच्या दाराला पत्ता नसतो. घर म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर धुराड्याचा धूर आणि मोहाचा वास यांत मी निवड करू शकणार नाही. दोन्ही माझेच आहेत.

गेल्या महिन्यात गावाहून आत्याचा व्हिडिओ कॉल आला. माझा आवाज बसला होता, चेहरा उतरला होता. तिने मोबाइल डोळ्याजवळ धरला, इतका की मला फक्त तिचा ऑपरेशन झालेला डोळा दिसत होता. बराच वेळ बघितलं. मी मनात म्हटलं, आता ही मोजणार.

"सोमी," ती म्हणाली, "काय झालं, तू सांग."